दोन बोटं रुंद

गाडी पहिल्याच वळणावर गर्रकन फिरली आणि आली त्याच दिशेला तोंड करून उभी राहिली. पुढच्या सीटवर बसलेल्या सासऱ्यांनी अगदी शांतपणे विचारलं, "इतक्यात परत आलो?"

सासऱ्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. त्यांची नजर इतकी अधू झाली होती की समोर उजेड आहे की अंधार, आणि माणूस बारीक आहे की जाड, एवढंच त्यांना कळे. बाकीचं सगळं ते कानांवर भागवत.

जावई स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून बसले होते. हे जावई म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. सव्वीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले होते, पण असा प्रसंग कुठल्याही नियमावलीत बसत नव्हता. समोर वीतभर अंतरावर त्यांच्याच इमारतीच्या चिटणीसांची छोटी पांढरी गाडी होती आणि काचेमागे चिटणीसांचा तिच्याहून पांढरा चेहरा.

"नाही बाबा," निरीक्षक शेवटी म्हणाले, "जरा वळवली."

"वळवली नाही, वळली. मागची चाकं घसरली, मला ऐकू आलं." सासऱ्यांनी काठीने गाडीच्या तळाला टकटक केलं. "चाळीस वर्षं बोंबलतोय, मागे रुंद टायर टाकू या म्हणून. सासूबाईंनी तुमच्या कधी टाकू दिले नाहीत."

गाडी सासऱ्यांची होती. लांब नाकाची, विटकरी रंगाची, दोनच दरवाज्यांची आणि आठ सिलिंडरची. पन्नास वर्षांपूर्वी लोक गाडीकडून जायची-यायची अपेक्षा कमी आणि गर्जनेची जास्त ठेवत असावेत, त्या काळातली. ती सुरू झाली की दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटातली भांडी एकमेकांशी बोलू लागत. सासरे लेकीकडे दोन महिने राहायला आले ते एक पिशवी आणि मुलाने चालवत आणलेली ही गाडी घेऊन. पुढच्या रविवारनंतर ते मुलाकडे जाणार होते, अकराव्या मजल्यावर, आणि तिथे गाडीला जागा नव्हती. म्हणून त्यांनी कागदपत्रं जावयाच्या नावावर करून दिली, आणि बदल्यात एकच गोष्ट मागितली.

गावाबाहेरच्या घाटात, माथ्याच्या जरा अलीकडे, एक वळण होतं. उभा चढ आणि त्यावर डोंगरातून ओघळून आलेली बारीक खडी. तिथे ही गाडी आजवर एका दमात कधी गेली नव्हती. दर खेपेला मागची चाकं जागच्या जागी भिरभिरायची, गाडी मागे घ्यावी लागायची, आणि तिसऱ्या प्रयत्नात कशीबशी वर जायची.

"एकदा," सासरे म्हणाले होते, "फक्त एकदा ती तिथून न थांबता वर गेलेली मला अनुभवायची आहे."

आता खरं सांगायचं तर निरीक्षकांना गाड्यांमध्ये काडीचा रस नव्हता. पण एक जुनी सल होती. लग्न ठरायच्या वेळी याच सासऱ्यांनी त्यांना विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही दुकानदारांची वजनं बघता. बरं. आणि मग?" त्या "आणि मग?"ला द्यायचं उत्तर निरीक्षक चोवीस वर्षं शोधत होते. त्यामुळे त्यांनी फार विचार न करता "हो" म्हटलं, आणि लगोलग सरावाला म्हणून गाडी बाहेर काढली. पुढे काय झालं ते आपण पाहिलंच.

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला बातमी कळली आणि सल्ल्यांची रांग लागली. तळमजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, टायरमधली हवा कमी करा. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त ग्रंथपालबाई म्हणाल्या, गाडीच कमी करा. चिटणीस स्वतः वर आले नाहीत. त्यांनी सूचनाफलकावर कागद लावला : 'आवारात वाहने ज्या दिशेने निघाली त्याच दिशेने न्यावीत.' खाली सही आणि शिक्का.

दुसऱ्या दिवशी निरीक्षक गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेले. मिस्त्री म्हणजे साठीतला सुकडा माणूस, गळ्यात चष्मा आणि कानावर पेन्सिल. त्यांनी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, मागे उकिडवे बसले आणि चुकचुकले.

"छाती पैलवानाची आणि पायात नाचातल्या चपला. घसरणार नाही तर काय? रुंद टायर टाका, साहेब. रिंगाही रुंद लागतील. किती बसतील ते मी बघून सांगतो."

"माप मी घेईन," निरीक्षक म्हणाले.

निरीक्षकांनी खिशातून पोलादी टेप काढला. तो टेप काढायची त्यांची एक पद्धत होती. बाजारात ती पाहून भले भले दुकानदार वाऱ्याने काटा हलू नये म्हणून पंखा बंद करत. तोवर गाडी मागून जॅकवर चढवून झाली होती. निरीक्षक आडवे झाले. शर्टाची पर्वा न करता त्यांनी चाकाच्या आतून, बाहेरून, वरून मापं घेतली, प्रत्येक माप तीनदा, आणि वहीत मांडली. जुना टायर दोनशे पंधरा मिलिमीटर रुंद. नवा दोनशे पंचावन्न सहज बसेल. फरक चाळीस मिलिमीटर, म्हणजे ढोबळमानाने दोन बोटं.

"साहेब, गाडी जॅकवर आहे, तर चाक जरा–"

"सव्वीस वर्षं मी हेच करतोय, मिस्त्री."

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली आणि दुसऱ्या कानावर ठेवली. त्यांचं मत त्यात आलं.

तीन दिवसांनी टायर चढले. काळेभोर, रुंद, मागून पाहिलं तर गाडीने दोन्ही हात कमरेवर ठेवल्यासारखं वाटावं असे. निरीक्षकांना स्वर्ग दोन बोटं उरला. मिस्त्रींनी हळूहळू जॅक खाली घेतला, गाडी आपल्या वजनाने बसली, आणि बसता बसता मागून एक आवाज आला.

खर्रर्र.

मडगार्डची आतली कड सरळ टायरवर टेकली होती. कारण अगदी साधं. जॅकवर गाडी वर असते आणि चाक खाली लोंबतं, म्हणून जागा ऐसपैस दिसते. गाडी खाली आली की अंग बसतं आणि जागा संपते. एखादा दुकानदार पारडं हाताने उचलून धरून वजन दाखवतो, तसाच हा प्रकार, आणि त्या गुन्ह्याबद्दल निरीक्षकांनी आजवर किती जणांवर कारवाई केली होती त्याची गणती नव्हती. ते कान लाल होऊन उभे राहिले.

मिस्त्री हसले असते तर बरं झालं असतं. पण ते मायेने म्हणाले, "होतं साहेब. भल्याभल्यांचं होतं." ते जास्त लागलं.

उपाय मात्र मिस्त्रींपाशी होता. मडगार्डची ती कड आतून दुमडून चपटी करायची. त्यासाठी टायर आणि मडगार्डच्या मध्ये एक गोल लाकडी दांडा सरकवून गाडी हळूहळू पुढे-मागे ढकलायची. दांडा फिरतो, कड दबते. अडचण एवढीच, की मिस्त्रींचा दांडा गेल्याच आठवड्यात दुभंगला होता. निरीक्षक रिक्षाने घरी गेले आणि स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन आले. कड उत्तम दुमडली. लाटणं अंडाकृती झालं.

"हे काय?" संध्याकाळी बायकोने लाटणं डोळ्यांसमोर धरून विचारलं. ती शाळेत गणित शिकवायची आणि तिला आकृत्या लगेच ओळखू येत.

"अगं, तुझ्या बाबांसाठीच–"

"बाबांना लाटणं रुंद करून हवं होतं?"

आतल्या खोलीतून सासऱ्यांचं खोकल्यासारखं हसू ऐकू आलं. निरीक्षकांनी ठरवलं की ते खोकलेच.

शनिवारी सगळे मिळून फेरीला निघाले. सासरे पुढे, बायको मागे. पहिला गतिरोधक आला आणि पुन्हा खर्रर्र झालं, शिवाय जळक्या रबराचा वास.

"मी बसले म्हणून?" बायकोने विचारलं.

संसारात काही प्रश्नांना मौन हेच प्रमाणित उत्तर असतं. पण सासरे चटकन म्हणाले, "तू बसलीस म्हणूनच. मागे वजन आलं की गाडी दबते."

"मग मागे कोणी बसायचं नाही," निरीक्षक म्हणाले.

"बसायचं नाही?" सासरे सीटवर वळले. "जावईबापू, त्या चढावर मागे वजन नसेल तर टायर कितीही रुंद असू देत, खडीवर पकडच बसणार नाही. वजन हवंच."

म्हणजे वजन घेतलं तर टायर घासणार, नाही घेतलं तर घसरणार. निरीक्षकांनी गाडी पुन्हा मिस्त्रींच्या दारात उभी केली. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं आणि मागच्या कमानींमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पोलादी स्प्रिंगांमध्ये, एकेक जादा पट्टी घातली. गाडीचं बूड चार बोटं वर आलं. आता ती उडी मारायच्या बेतात असलेल्या नाकतोड्यासारखी दिसे, पण घासत नव्हती.

"आता ऐका," मिस्त्री बोट वर करून म्हणाले. "मागच्या सीटवर सव्वाशे किलोच्या खाली नको, नाहीतर चढावर घसरेल. दीडशेच्या वर नको, नाहीतर घासेल. आणि पोती ठेवू नका. वळणावर पोतं सरकतं. माणूस बसवा. माणूस धरून बसतो."

गाडी घरी आणून जागेवर लावली आणि अर्ध्या तासात दारावर टकटक झाली. चिटणीस उभे होते, हातात कागद.

"आपल्या वाहनाचं मागचं उजवं चाक पिवळ्या रेषेवर आलेलं आहे."

"रेषेवर आहे ना? रेषेपलीकडे तर नाही?"

"रेषा म्हणजे हद्द."

"रेषेची कुठली कड हद्द?" निरीक्षकांचा आवाज जरा चढला. कारण हा त्यांचा प्रांत होता. "तुमच्या रंगाऱ्याने चार बोटं जाडीची रेषा मारली आहे. हद्दीला जाडी नसते. आतली कड, बाहेरची कड की मध्य, ते ठरावात लिहिलंय का?"

ठरावात लिहिलेलं नव्हतं. पण अकरा वर्षं चिटणीसपद सांभाळलेला माणूस तेवढ्याने हार जात नाही. ते म्हणाले, "ते राहू द्या. टायरचं माप बदललं, ते गाडीच्या नोंदणीपुस्तकात चढवलंय का?"

चढवलं नव्हतं. आणि निरीक्षक असा माणूस, की चूक दिसली की ती स्वतःची असली तरी त्यांना झोप येत नाही.

सोमवारी रजा टाकून ते नोंदणी कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला आणि पेन थांबवलं.

"टायरचं माप, इथे एकच रकाना आहे. तुम्ही दोन मापं लिहिलीत."

"पुढचे वेगळे आहेत, मागचे वेगळे आहेत."

"मग सरासरी लिहा ना. दोनशे पस्तीस."

"बाई," निरीक्षक खिडकीला धरून म्हणाले, "दोनशे पस्तीसचा एकही टायर त्या गाडीला नाही."

"अहो, कोण बघायला जातंय?"

हे वाक्य निरीक्षकांनी सव्वीस वर्षं ऐकलं होतं, किराणा दुकानांत, पेट्रोल पंपांवर, कापडाच्या गाळ्यांत. पण सरकारी खिडकीच्या आतून ते पहिल्यांदाच येत होतं. त्यांनी इतक्या दुःखी चेहऱ्याने बाईंकडे पाहिलं की बाईंनी मुकाट्याने रकान्याच्या मधोमध एक तिरकी रेघ ओढली आणि दोन्ही मापं बसवली. मग बाईंनी त्यांना मागच्या आवारात अधिकाऱ्याकडे पाठवलं, गाडीची एकूण रुंदी मोजून घ्यायला.

अधिकारी तरुण होता, हसतमुख होता आणि त्याच्या टेपचं पहिलं टोक तुटलेलं होतं. "आम्ही दहापासून मोजतो आणि नंतर दहा वजा करतो," तो सहज म्हणाला.

निरीक्षकांना भोवळ यायची बाकी राहिली. "माझा टेप घ्या," त्यांनी स्वतःचा टेप पुढे केला. "प्रमाणित आहे."

अधिकाऱ्याने तो उलटसुलट पाहिला. "शिक्का गेल्या वर्षीचा आहे, साहेब. मुदत मागच्याच महिन्यात संपली."

आवारात चांगला वारा होता, तरी निरीक्षकांना घाम फुटला. ज्या माणसाने अख्ख्या बाजाराला मुदतीचे शिक्के दाखवायला लावले, त्याच्या खिशात महिनाभर बेकायदा टेप होता! त्यांनी तो दोन बोटांच्या चिमटीत धरला, जणू कोणाचा दात.

तिथून ते सरळ स्वतःच्या कार्यालयात गेले. टेप प्रमाणित करायचे अधिकार दोघांना होते. एक ते स्वतः आणि दुसरी त्यांच्या हाताखालची कनिष्ठ निरीक्षक. आणि 'कोणीही स्वतःचे माप स्वतः प्रमाणित करू नये' ही पाटी त्यांनीच भिंतीवर लावली होती. कनिष्ठ निरीक्षक मुलीने त्यांना बसायला सांगितलं, अर्ज भरायला लावला, ओळखपत्र मागितलं.

"अगं, तू मला ओळखत नाहीस?"

"ओळखते सर. पण तुम्हीच सांगितलंय ना, ओळख बाजूला ठेवायची."

तिने टेप प्रमाणपट्टीवर ठेवून तीनदा तपासला. तिसऱ्यांदा तपासताना ती गालातल्या गालात हसत होती, असं निरीक्षकांना वाटलं. पण शिक्का बसला, कार्यालय बंद व्हायच्या आत रुंदी मोजून झाली आणि नोंद चढली. नोंदणीपुस्तक छातीशी धरून ते घरी आले तेव्हा आठवडाभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळलेला होता.

आता राहिला फक्त मागच्या सीटचा प्रश्न. सासरे पुढे, निरीक्षक गाडी चालवायला, मागे बायको. पण एकट्या बायकोने सव्वाशे किलो होत नव्हते, आणि ही गोष्ट कोणी मोठ्याने बोलूनही दाखवत नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यावर खल चालू असताना पुन्हा दार वाजलं. चिटणीस. नोंदणीपुस्तक बघायला आले होते. निरीक्षकांनी ते उघडून समोर धरलं. चिटणीसांनी पान बारकाईने वाचलं, मान डोलावली आणि वळले, तेवढ्यात आतून सासऱ्यांचा आवाज आला.

"हे आत्ता जिना चढून आले ते कोण?"

"चिटणीस आहेत, बाबा."

"पावलं ऐकली. ऐंशी किलोला एक कमी नाही. यांना घेऊ या."

मग समजावून सांगणं आलं. चढ, खडी, सव्वाशे, दीडशे, सगळं. चिटणीस उंबऱ्यातच ऐकत उभे होते. निरीक्षकांना वाटलं, आता फलकावर दुसरा कागद लागणार. पण चिटणीसांच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी होतं.

"म्हणजे मी चलू? तुमच्याबरोबर?" त्यांनी विचारलं. "अकरा वर्षांत या इमारतीतले लोक पाणी गेलं की माझ्याकडे येतात. चला म्हणून कोणी आलं नाही." आणि मग घाईने, "खिडकीशी बसायला मिळेल का?"

"मागे दोन्ही बाजूंना खिडकीच आहे," बायको म्हणाली.

"वजन किती तुमचं?" निरीक्षकांनी वही काढली.

"सत्तर."

"आणि तुझं?"

"अठ्ठावन्न," बायको भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाली.

निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. खोटं वजन त्यांना वासावरून कळे. "तोंडी वजन मी धरत नाही. समोरच्या भंगारवाल्याचा काटा मी स्वतः तपासलेला आहे. तिथे जाऊ."

"भंगारवाल्याच्या काट्यावर? मी?"

त्या "मी?"मध्ये चोवीस वर्षांचा संसार होता. पण बाबा काठी टेकत जिना उतरूही लागले होते, म्हणून ती गेली. गंजक्या पत्र्यांच्या आणि जुन्या पंख्यांच्या मधून वाट काढत ती काट्यावर उभी राहिली, मान ताठ करून, एखाद्या राणीने तळघरातही राणीसारखं उभं राहावं तशी. सहासष्ट. चिटणीस चढले. एक्याऐंशी. भंगारवाल्याने सवयीने "रद्दीत धरू की लोखंडात?" विचारलं आणि बायकोच्या नजरेने त्याचं तोंड बंद झालं.

"एकूण एकशे सत्तेचाळीस," निरीक्षकांनी वहीत लिहिलं. "बसतंय."

"आणि आम्ही जे सांगितलं होतं ते?" बायकोने विचारलं. "सत्तर अधिक अठ्ठावन्न. एकशे अठ्ठावीस. तेही बसत होतं. म्हणजे मला इथे उभं करायची काही गरज नव्हती."

हिशोब बिनचूक होता. निरीक्षकांनी वही मिटली आणि त्या संध्याकाळी भांडी घासली.

रविवारी सकाळी आठला ते निघाले. चिटणीस टोपी घालून आले होते. घाट सुरू झाला तशी गाडी खालच्या सुरात गुरगुरू लागली. सासऱ्यांनी काच खाली केली आणि हात बाहेर ठेवला. एकेक वळण मागे पडत होतं, आणि मग समोर ते दिसलं : डावीकडे कापलेला डोंगर, उजवीकडे कठडा, मध्ये रस्ता उभा वर गेलेला आणि त्यावर पसरलेली करडी खडी.

"धरून बसा," निरीक्षक म्हणाले. मागे चिटणीसांनी दोन्ही हातांनी पुढची सीट धरली. बायकोने चिटणीसांची टोपी धरली.

निरीक्षकांनी पाय दाबला. नाक वर उचललं गेलं. क्षणभर मागून खडी उडाल्याचा तडतडाट आला. आता घसरणार, आता. पण मागच्या चाकांनी रस्ता पकडला. हाताने घट्ट धरावा तसा. गाडी एका दमात, एका सुरात, न थांबता, न डगमगता वर गेली आणि माथ्यावरच्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहिली. इंजिन बंद केल्यावर वाऱ्याचा आवाज ऐकू आला.

"केलंत तुम्ही!" बायको ओरडली आणि तिने मागून नवऱ्याच्या खांद्यावर थाप मारली. चिटणीस टाळ्या वाजवत होते.

सासऱ्यांचा हात मात्र अजून खिडकीबाहेरच होता. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "ते वळण कधी येणार?"

"बाबा, गेलं. आपण माथ्यावर आहोत."

"गेलं?" त्यांचा चेहरा पडला. "मी कान देऊन बसलो होतो. चाकं भिरभिरतात तो आवाज आला की ते वळण, असं मला माहीत. आवाजच आला नाही. मला वाटलं, हा त्याच्या अलीकडचा कुठलातरी सोपा चढ." त्यांनी जावयाकडे तोंड वळवलं. "तुम्ही दुसऱ्या रस्त्याने तर नाही ना आणलंत मला?"

इतका खटाटोप केला, आणि तो इतका नीट जमला की ज्याच्यासाठी केला त्यालाच कळलं नाही. पंधरा दिवसांपूर्वीचे निरीक्षक असते तर त्यांनी पुरावा दाखवायला वही काढली असती. त्यांनी वळून मागे पाहिलं. "चिटणीससाहेब, पुन्हा जायचं का?"

"जाऊ या की," चिटणीस टोपी सावरत म्हणाले. "मला कुठे कोण बोलावतंय."

दुसऱ्या खेपेला निरीक्षक मोठ्याने सांगत गेले. "बाबा, आता डावीकडे डोंगर. आता कठडा. आता खडी सुरू. आता चढ. आता मध्यावर. आता–" आणि सासरे सीटच्या टोकावर बसून, बाहेर काढलेल्या हाताची मूठ आवळून, ओरडले, "जातेय! अहो, ही खरंच जातेय!" आणि लहान मुलासारखे हसत सुटले. मागे त्यांची लेक डोळे पुसत होती आणि चिटणीस खिडकीबाहेर बघत असल्याचं दाखवत होते.

माथ्यावर आल्यावर सासऱ्यांनी दार उघडलं. "आतून ऐकलं. आता बाहेरून ऐकायचंय. मला त्या वळणावर उभं करा."

लेकीने हात धरून त्यांना कठड्याच्या आतल्या बाजूला, एका मोठ्या दगडापाशी नेलं आणि ती परत येऊन मागे बसली. गाडी पुन्हा खाली गेली, वळली आणि तिसऱ्यांदा गर्जत वर आली. वळणावर निरीक्षकांना ते एक क्षण दिसले. काठी काखेत, दोन्ही तळवे कानांमागे, वाऱ्याने पांढरे केस उभे, आणि तोंड गाडीच्या थोडं चुकीच्या दिशेला, पण इतकं उजळलेलं की दिशेची चूक काढायला निरीक्षकांनाही सुचलं नाही.

गाडी वर लावून निरीक्षक चालत खाली आले. सासरे अजून कान लावूनच उभे होते, जणू आवाज पुरता विरेपर्यंत त्यांना हलायचं नव्हतं.

"बाबा, झालं का मनासारखं?"

"हं." सासऱ्यांनी चाचपडत त्यांचा दंड शोधला आणि घट्ट धरला. आयुष्यात पहिल्यांदा. "झकास. पण जावईबापू, तुम्ही गिअर जरा लवकर बदलता. तो चढ अर्धा सरला की मग बदला. घाई करू नका. या पुन्हा एकदा, मी ऐकतो."

सव्वीस वर्षांत ज्यांनी कोणाची सूचना वाद घातल्याशिवाय मानली नव्हती, ते निरीक्षक "बरं बाबा" म्हणाले, धापा टाकत चढ चढून गेले, मागच्या सीटवरचे एकशे सत्तेचाळीस किलो जागेवर असल्याची खात्री केली, आणि चौथ्या फेरीसाठी खाली निघाले.